ओवाळायला दर्शना मॅडम

पाहुणे कुठलेही असोत, आमच्या कॉलेजात ओवाळायला दर्शना मॅडम. म्हणजे मी. प्राणिशास्त्रात एम.एस्सी., तासिका तत्त्वावर चौथं वर्ष. दर जूनला मुलाखत, दर मार्चला टाटा, आणि मधल्या काळात प्राचार्यांचं ठरलेलं वाक्य, "जागा निघू दे मॅडम, तुमचंच बघतो." फिजिक्सचे हर्षद सरही तासिकेवरचेच, पण त्यांच्या हातात कुणी कधी ताट दिलं नाही.

त्या दिवशी तपासणी समिती यायची होती, आणि माझं एफ.वाय.चं प्रॅक्टिकल होतं, माशांची ओळख. उजाडताच मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर जाऊन मी बांगडा, सौंदाळा, मांदेली आणि एक छोटी मुशी घेऊन आले होते, बर्फात घालून. मुलं लॅबमध्ये थांबली होती. मी फाटकाशी होते, काठापदराच्या साडीत, ताट घेऊन. समितीची गाडी संगमेश्वरजवळ रस्त्याच्या कामात अडकली होती.

"सर, मुलं खोळंबलीत. मासे राहणार नाहीत."

"मग संध्याकाळी कालवण करा," प्राचार्य म्हणाले. शेजारचे दोघे हसले. "पाच मिनिटांत येतील. हलू नका."

ती पाच मिनिटं उन्हाबरोबर सरकत राहिली. निरांजनातलं तूप संपत आलं तसं ते आणायला मी ताट घेऊनच ऑफिसकडे निघाले.

ऑफिसच्या पायऱ्यांवर माझी मुलगी उभी होती.

संस्थेची शिशुशाळा याच आवारात आहे. चार वर्षांची ओवी तिथे जाते. खरं सांगायचं तर ही नोकरी मी धरून ठेवली ती त्यासाठीच. लॅबच्या खिडकीतून शाळेचं अंगण दिसतं. तिने टोपी घातलीय ना, पाणी प्यायलीय ना, कुणी ढकललं तर नाही, सगळं बघता येतं. "तू शिकवतेस की पहारा देतेस?" असं यज्ञेश, माझा नवरा, विचारतो. आणि त्याच सकाळी, जिथे माझी नजर पोचत नव्हती तिथे, ती उन्हात उभी होती. अंगात गॅदरिंगच्या पेटीतला कुणाचा तरी परकर-पोलका, हातात तिच्या तोंडाएवढा गुच्छ.

"हिला कुणी आणलं?"

शिपाई कुसुमताई दारात होत्या. "सरांनी सांगितलंनी. मॅडमची पोर गोड आहे म्हणाले, तीच उभी करा. तुम्हांला ठाऊक असेल असंच वाटलं मला."

"ओवी, इकडे ये."

ती आली नाही. मी जवळ गेले. ओठ सुकलेले, परकर खालपर्यंत ओला, पायरीवर ओघळ.

"आई, सर म्हणाले हलायचं नाही," ती म्हणाली. "मी अजिबात नाही हलले."

शाबासकी हवी होती तिला. रडत असती तर मी तिला उचललं असतं, पुसलं असतं, कदाचित परत फाटकाशीही गेले असते. पण ती माझ्याकडे तोंड वर करून बघत होती, आपण शहाण्यासारखं वागलो म्हणून.

प्राचार्य मागून आले. "अरेरे. कुसुम, दुसरी कुणी आण लवकर. मॅडम, चला, गाडी नाक्यावर आलीय."

"मला न विचारता माझ्या मुलीला वर्गातून काढलंत?"

"विचारायचं काय त्यात? घरचंच कार्य आहे."

"घरचं असतं तर कुणीतरी पाणी विचारलं असतं तिला."

"आत्ता तमाशा नको." त्यांनी आवाज खाली आणला. "जाहिरात निघतेय पुढच्या महिन्यात. जरा विचार करा."

चार वर्षं ज्याची वाट बघितली ते हेच वाक्य. मी ताट त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी घेतलंही; ताट पुढे आलं की माणूस घेतोच.

"वात विझेल, सर. वाऱ्याकडे हात आडवा धरा."

ओवीला कडेवर घेऊन मी लॅबमध्ये गेले. मुलं अजून होती. वेदिका नावाच्या मुलीने काही न विचारता आपली ओढणी काढून दिली. ओवीला धुऊन, त्यात गुंडाळून स्टुलावर बसवलं, पाणी पाजलं. बर्फाचं पाणी झालं होतं, बांगड्याचे डोळे पांढुरके पडत होते. तरी मी प्रॅक्टिकल घेतलं. माझा आवाज चढलेला होता, मुलं दचकून लिहीत होती.

तास संपता संपता कुसुमताई आल्या. "मॅडम, सर म्हणतायत, राजीनामा वगैरे मनात असेल तर तासिकेवाल्यांना तो नसतो. यायचं बंद करायचं, झालं."

"मग बंद."

"आणि पोरीची शाळा?"

उद्या तिला कुठे ठेवायचं, जाहिरात तोंडावर असताना हे केलं हे यज्ञेशला कसं सांगायचं, याची भीती होतीच. पण राग त्याहून मोठा होता.

"तीही बंद."

कुसुमताईंनी टेबलावरची माशांची ताटली उचलून सिंकपाशी नेली.

"आई," ओवीने स्टुलावरून विचारलं, "आता उतरू का?"

"विचारू नकोस," मी म्हणाले. "उतर."