हिसके

बोट ओढणाऱ्या गाडीत बसून ज्याची पाठ गेली नाही, त्यानं बूचकाकांना शहाणपण शिकवू नये. तीन महिने हे चाललं होतं. गाडी चाळीसच्या वर नेली की मागून कुणी कॉलर धरल्यासारखा हिसका बसायचा, ब्रेक दाबला की तीच बोट मागून ढुशी मारायची, आणि साध्या गतिरोधकावर गाडीचं नाक असं वर-खाली व्हायचं की शेजारी बसलेला पथकातला पोहणारा गडी पट्टा आवळून डोळे मिटून घ्यायचा. संध्याकाळी घरी गेल्यावर बूचकाका सोफ्यावर बसायचे नाहीत, सरळ जमिनीवर आडवे व्हायचे.

गाडी बचाव पथकाची. उंच, दांडगी एसयूव्ही. मागं ट्रेलर, ट्रेलरवर बोट. कुठं तलावात, धरणात कुणी अडकलं की फोन यायचा आणि बूचकाका हे सगळं लटांबर घेऊन निघायचे. सत्तावीस वर्षं झाली होती आणि निवृत्तीला आता दीड वर्ष उरलं होतं. हे दीड वर्ष सरळ नाकासमोर बघून काढायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

बूचकाका हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नाही. सहा वर्षांपूर्वी बड्या पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक होतं. बोटीच्या बुडाशी, मागच्या अंगाला एक भोक असतं. बोट ट्रेलरवर असली की ते उघडं ठेवायचं, म्हणजे आत साचलेलं पाणी निघून जातं. बोट पाण्यात घालायच्या आधी त्याला बूच लावायचं. त्या दिवशी बूचकाका ते लावायला विसरले. पाहुणे बोटीत बसले, बोट तलावाच्या मध्यावर गेली, आणि पाहुण्यांच्या बुटांत पाणी शिरलं. कुणी बुडालं नाही, पण फोटो निघाले. दुसऱ्या दिवसापासून पथकातलं शेंबडं पोरसुद्धा त्यांना बूचकाका म्हणायला लागलं. आधी राग यायचा, मग यायचा बंद झाला, आणि आता तर खरं नाव घेऊन कुणी हाक मारली तर त्यांना क्षणभर कळायचं नाही.

गाडीचं काम बघायचा तो त्यांचा जावई. बूचकाकांनीच शब्द टाकून त्याला वर्कशॉपात लावला होता, म्हणून सगळे त्याला जावईबापू म्हणायचे. पोरगा गुणी होता, पण या हिसक्यांपुढं त्यानं हात टेकले होते. टायरची हवा बघून झाली. गाडीचे शॉकअब्जॉर्बर बदलले, मागच्या स्प्रिंगा बदलल्या, ट्रेलरची बेअरिंगं काढून नवी घातली, ट्रेलर अडकवायचा हूक उंच करून पाहिला, मग खाली घेऊन पाहिला. दर वेळी बूचकाका एक चक्कर मारून यायचे आणि गाडीतून उतरता उतरता म्हणायचे, "नाही हो जावईबापू. तुमच्या हाताला आज यश नाही."

सासरा जितका चिडलेला, तितका जावयाला जास्त मान द्यायचा. त्या तीन महिन्यांत जावयाला एवढा मान मिळाला की तो जेवायला यायचाच बंद झाला.

तोवर हे सगळं घरगुतीच होतं. मग गेल्या महिन्याची बारा तारीख आली. बावीस किलोमीटरवरच्या तलावात एक होडी उलटली होती आणि एक माणूस पाण्यातल्या खांबाला धरून होता. बूचकाकांनी गाडी काढली, पण पस्तिशीच्या वर ती ऐकेना. पन्नासला नेली तर ट्रेलर रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत झुलायला लागला, म्हणून पुन्हा पस्तीस. पोचायला अडतीस मिनिटं लागली. खांब होता, माणूस नव्हता. काठावर त्याचा थोरला भाऊ उभा होता, गळ्यापर्यंत भिजलेला, कारण त्याला पोहता येत नव्हतं तरी तो जमेल तितका आत गेला होता. त्यानं आरडाओरडा केला नाही. त्यानं बूचकाकांना एवढंच विचारलं, "इतकी हळू का आणलीत?"

बूचकाकांनी पथकात परत येऊन सांगितलं, गाडी धड नव्हती. खरंच होतं ते. पण गाडी धड आहे असा शेरा मारून आठवड्यापूर्वी खाली सही केली होती जावयानं. त्यामुळं चौकशी लागली ती त्याच्यावर. आज दुपारी तीनला साहेबांच्या खोलीत हजर व्हायचं होतं. दोष कशात होता हे सांगता आलं नाही तर नोकरी जाणार, हे त्याला स्वच्छ सांगण्यात आलं होतं.

सकाळी बूचकाका निघत होते तेव्हा लेक तिच्या घरून येऊन दारात उभी होती. तिनं न्हाणीघरातला वजनाचा काटा पिशवीत घालून बापाच्या हातात दिला. "ह्यांनी मागितलाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, आज त्यांना टोचून बोलू नका. रात्रभर झोपले नाहीत ते."

"मी कशाला बोलू," बूचकाका म्हणाले, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

शेडमध्ये जावयानं ट्रेलर गाडीपासून सोडवून ठेवला होता. त्याचं म्हणणं असं, की ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या हुकावर किती भार टाकतो ते एकदा मोजायचं. भार कमी पडला तर ट्रेलर शेपटासारखा झुलतो, जास्त पडला तर गाडी मागून बसते. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते कळेल. त्यानं फरशीवर काटा ठेवला, काट्यावर लाकडी ठोकळा, आणि जॅकनं दांडा हळूहळू त्यावर टेकवला. दोघं उकिडवे बसून बघायला लागले.

काटा चाळीसवर आला. मग पंचावन्नवर गेला. मग सत्तर.

"बाबा, जरा हात काढा."

"माझा हात माझ्या गुडघ्यावर आहे," बूचकाका म्हणाले.

काटा नव्वदवर गेला, तिथून ऐंशीवर आला, परत पंच्याऐंशी. शेडमध्ये वारा नव्हता. ट्रेलरला कुणी शिवत नव्हतं. आणि काटा मात्र एका जागी ठरायला तयार नव्हता.

"बिघडलाय वाटतं," बूचकाका म्हणाले. "तुमच्या सासूबाई रोज उभ्या राहतात त्याच्यावर."

जावई हसला नाही. त्यानं पुन्हा जॅकनं दांडा वर उचलला, पुन्हा खाली सोडला, आणि या वेळी काट्याकडं न बघता कान बोटीला लावला. आतून आवाज आला. भरलेली घागर कडेवर घेऊन कुणी चालावं तसा.

"पाणी आहे," जावई म्हणाला. "तळाच्या खाली, दोन थरांच्या मधल्या पोकळीत. ब्रेक मारला की सगळं पुढं धावतं, गाडी उचलली की सगळं मागं. आपण तीन महिने गाडी दुरुस्त करतोय, बाबा. गाडीला काही झालेलंच नाही." त्याच्या आवाजात इतकी सुटका होती की तो उठता उठता अडखळला. "पण हे साचलं कसं? मागचं भोक उघडं असतं ना?"

तो बोटीच्या मागं गेला. बूचकाका मात्र उठले नाहीत. जावयाला मागं काय दिसणार आहे हे त्यांना माहीत होतं.

ही बोट दीड वर्षापूर्वी नवी कोरी आली होती. आली त्याच दिवशी, सगळे जेवायला गेले असताना, बूचकाकांनी तिचं बूच पाण्यानं न सुटणाऱ्या गोंदानं कायमचं बसवलं होतं आणि वरून पांढरा रंग मारला होता. पुन्हा विसरायचा प्रश्नच नको. साडेचार वर्षं लोक हसले तेवढे पुरे झाले. काम झाल्यावर त्यांना फार बरं वाटलं होतं. त्यानंतर दर आठवड्याला बोट धुतली जायची, पावसाळाभर ती उघड्यावर होती, दोर, जाळ्या, माणसं ओली आत यायची, आणि ते पाणी झिरपून थेंबाथेंबानं खाली साचत राहिलं. बाहेर जायला त्याला वाटच नव्हती. आणि इतक्या दिवसांत एकदाही, एकदासुद्धा, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नाही.

"बाबा, इथं बूच चिकटवून टाकलंय," मागून आवाज आला. "वर रंग आहे. कारखान्यातूनच अशी आली असेल. काय एकेक दिवे लावतात लोक."

जावयानं छिन्नी लावली, तीन-चार ठोके मारले, बूच निघून हातात आलं आणि मागोमाग पाणी आलं. तपकिरी, कुजकट वासाचं. ते वीस मिनिटं तरी वाहत होतं. शेडच्या फरशीवरून नालीपर्यंत त्याचा ओहोळ गेला आणि बूचकाका त्याच्याकडं बघत राहिले.

मग दोघांनी ट्रेलर जोडला आणि चक्कर मारायला निघाले. चाळीस झाले, पन्नास झाले. बूचकाकांनी पाठ आवळून धरली होती, सवयीनं. साठला गेली तरी काही नाही. ब्रेक दाबला, गाडी गपकन थांबली, मागून ढुशी आली नाही. इतकी मऊ गाडी त्यांनी कित्येक महिन्यांत चालवली नव्हती, आणि इतकं वाईट त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"ते बूच मी लावलं," ते म्हणाले. "कारखान्यानं नाही. मी."

जावयानं कमरेचा पट्टा सोडला आणि त्यांच्याकडं वळून बसला. तीन महिन्यांचे टोमणे त्याच्या डोक्यात येऊन गेले असणार. पण तो खरंच गुणी होता.

"कुणी पाहिलं होतं?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग कारखान्याचंच म्हणू. माझ्या सहीवरचं बालंट पण निघून जाईल, तुमचं पण काही यायला नको. दीड वर्ष राहिलंय तुमचं. दमलाय तुम्ही, बाबा. कशाला अंगावर घेताय?"

दमले होतेच. इतके दमले होते की हो म्हणायला फक्त मान हलवायची होती, आणि तीही त्यांनी हलवली. जावई म्हणाला ते कुणाच्या मुळावर येणारं नव्हतं. लेक सुखात राहिली असती. बूचकाकांनी गाडी वळवून परत आणली आणि उतरताना काचेपुढं ठेवलेलं बूच खिशात टाकलं.

पावणेतीनला ते दोघं साहेबांच्या खोलीबाहेर आले. बाकावर आधीच एक माणूस बसला होता. धुतलेला शर्ट, नीट विंचरलेले केस, मांडीवर कागदांची पिशवी. बूचकाकांनी त्याला कोरडा कधी पाहिला नव्हता, म्हणून ओळखायला वेळ लागला. जबाब द्यायला त्यालाही बोलावलं होतं. जावई भिंतीला टेकून उभा राहिला. बाकावर जागा होती ती त्या भावाच्या शेजारीच, आणि बूचकाकांची पाठ उभं राहू देत नव्हती. ते बसले.

भावानं त्यांना ओळखलं होतं. त्यानं थोडं सरकून जागा दिली. त्यानं काही विचारलं नाही. एकदा विचारून झालं होतं, आणि उत्तर मिळालं नव्हतं.

भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढं गेलं. बूचकाकांनी खिशात हात घातला आणि बूच काढून भावापुढं धरलं.

"तुम्ही विचारलं होतं, हळू का आणली," ते म्हणाले. "यामुळं. बोटीत पाणी भरलं होतं आणि ते बाहेर काढायचं भोक मी बुजवून टाकलं होतं. पूर्वी एकदा हे लावायला विसरलो, लोक हसले. पुन्हा हसू नयेत म्हणून कायमचं चिकटवलं. माझ्या हातानं."

भिंतीपाशी जावयानं डोळे मिटून घेतले.

भावानं बूच हातात घेतलं. अंगठ्याएवढं होतं ते, एका बाजूला पांढरा रंग, दुसऱ्या बाजूला सुकलेला गोंद. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं. आता हा ओरडेल, कानाखाली वाजवेल, असं बूचकाकांना वाटत होतं, आणि त्यानं तसं केलं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं.

"एवढंसं?" भाऊ म्हणाला.

"हो."

"आता काढल्यावर किती वेगानं जाते?"

बूचकाकांना या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नव्हतं. हा हिशेब त्यांनी मघाशी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली तेव्हाच करून ठेवला होता. "साठनं," ते म्हणाले. "आरामात."

भावाचे ओठ हलले. तो मनात मोजत होता. बावीस किलोमीटर, साठचा वेग.

"बावीस मिनिटं," तो म्हणाला. मग अगदी हळू, कुणाला दोष न देता, फक्त माहिती म्हणून सांगितल्यासारखं म्हणाला, "तो अर्धा तास धरून होता."

खोलीचं दार उघडलं. आतून कारकुनानं डोकं बाहेर काढून विचारलं, "गाडीची सही कुणाची? आत या." जावई भिंतीपासून सुटून पुढं निघाला.

"तुम्ही थांबा," बूचकाका त्याला म्हणाले, आणि गुडघ्यांवर हात दाबून उठले. "मी आधी जातो. सांगायचं आहे ते माझ्याकडं आहे."

दारापर्यंत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की साहेबांना दाखवायला बूच लागेल. त्यांनी मागं वळून पाहिलं. भाऊ मान खाली घालून बसला होता आणि बूच त्यानं दोन्ही हातांत घट्ट धरलं होतं. ते परत मागायचा धीर बूचकाकांना झाला नाही. ते तसेच आत गेले.