लाल गटाबाहेरचा लाल

मी टोमॅटोचा डबा आहे. अंग पत्र्याचं असलं तरी पोटात इटलीचं ऊन भरून जपानच्या सादो बेटावर आलो, म्हणून बोलण्यात थोडा तोरा आहे. सांभाळून घ्या.

मच्छीमारीतून निवृत्त झालेल्या तोकुजींनी मला भावंडांसकट खोकाभर आणलं. कपाटात माझ्या शेजारी तेलाची बाटली होती, झाकणावर धूळ बसलेली. तिच्या अंगावर लिहिलं होतं, चमचाभर तेलात शंभराहून जास्त कॅलरी. माझ्या अंगावर, शंभर ग्रॅमला वीस!

"तुझ्यात क जीवनसत्त्व आहे का? नुसती चरबी!" मी तिला हिणवायचो.

"ई आहे," ती हळूच म्हणायची.

फ्रिजवर लेकीच्या शाळेतला एक फिकट तक्ता अजून चिकटलेला होता. लाल गट शरीर घडवतो, पिवळा बळ देतो, हिरवा तब्येत राखतो. बायको गेल्यापासून तोकुजी त्या तक्त्याबरहुकूम जेवत. पिवळ्यासाठी भात, हिरव्यासाठी काकडी आणि लाल म्हणून माझं एखादं भावंड! "झाले तीन रंग," म्हणून ते समाधानाने हात जोडत. मीही फुगून जायचो. या माणसाचं शरीर आपणच घडवतोय, असं मला वाटे.

शरीर मात्र झडत चाललं होतं. वसंतातल्या उत्सवात राक्षसाचे मुखवटे घालून होणाऱ्या नाचाचा ढोल वाजवणं हा तोकुजींचा प्राण. हिवाळ्यात देवळात सराव सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी टिपरू हातातून निसटलं. उत्सवप्रमुख क्यूझो म्हणाले, "तोकुजी, यंदा तुझ्या पुतण्याला वाजवू दे. तू बसून ऐक."

तोकुजी घरी आले आणि अंगातला कोटही न काढता स्वयंपाकघरात बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी शेजारची मिसाओ बांगडे घेऊन आली. समाजमंदिरात ती पोषक स्वयंपाकाचे वर्ग घेते. तोकुजींची काटकुळी मनगटं पाहूनच तिने विचारलं, "काका, लाल गटातलं काय खाता?"

"हा काय! रोज एक डबा."

मिसाओ आधी हसली, मग तिने कपाळाला हात लावला. "अहो, लाल दिसलं म्हणून लाल गटात जातं का? उद्या टपालपेटी खाल! टोमॅटो भाजीत, म्हणजे हिरव्यात. लाल म्हणजे मासे, अंडी, टोफू."

"टोफू तर पांढरा असतो."

"काका!"

मी कपाटात शरमेने आणखी लाल झालो.

मग तिने तेलाची बाटली उचलली. "आणि हिच्यावर धूळ का?"

"डॉक्टरांनी तेल कमी कर म्हटलं होतं."

"कमी म्हणाले ना? तुम्ही तर हद्दपारच केलंत! अंगात जोर कुठून येणार? शिवाय या टोमॅटोच्या लालीतला गुण तेलात उतरला की अंगी लागतो. नाहीतर बराचसा आला तसा जातो."

तिने मलाच उघडलं. कढईत चमचाभर तेल, आलं, मग बांगड्याचे तुकडे आणि वरून मी. त्या उष्णतेत माझा रंग सुटला आणि तेल केशरी झालं. जिला मी जन्मभर हिणवलं, तिनेच मला खांद्यावर घेतलं होतं. तोकुजींनी भाताच्या शेवटच्या शितानं वाडगा पुसून घेतला. "हे काय भलतंच चवदार!" म्हणाले आणि उरलेलं आहे का, ते पाहायला उठले.

त्या दिवसापासून माझी भावंडं एकटी कधी उघडली गेली नाहीत. सोबत कधी अंडं असे, कधी मासा, आणि चमचाभर तेल ठरलेलंच. हिवाळा सरता सरता तोकुजी पुन्हा देवळात गेले आणि क्यूझोंना म्हणाले, "एकदा ऐक. हात थांबला तर टिपरं पुतण्याची." क्यूझोंनी ऐकलं आणि पुतण्याला झांजा दिल्या.

आता मी रिकामा आहे. कडेला थोडा गंज चढलाय. खिडकीत बसून पोटातल्या पाण्यात कांद्याची पात वाढवतोय. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या कपाटात तेल आणि टोमॅटो शेजारी असतील, तर त्यांना तराजूत एकमेकांसमोर बसवू नका. कढई तापवा, आणि ताटात तिसरं कोण हवं, तेही पाहा.

आज उत्सव आहे. खिडकीची काच थरथरतेय, माझ्या पोटातलं पाणीही. मिरवणूक पार बंदराला वळसा घालून परत आली, तरी तो ढोल थांबलेला नाही. ऐका, आता तर चढत चाललाय!