बांधलेलं बाळ

सिझेरियनच्या टाक्यांचा आज बारावा दिवस. नफोसतने आरशात पाहिलं, तर व्रणाचं उजवं टोक कालच्यापेक्षा लाल. काल नखाएवढं होतं, आज बोटभर. ताप नव्हता, दोनदा मोजून झाला होता. सदरा खाली ओढून ती पलंगावर टेकली.

काल तिच्या माहेराहून इथे नमनगानला, सासरी, पाळणा आला होता. बाळाला त्यात पट्ट्यांनी बांधायचं आणि आईने वरच्या दांड्यावरून ओणवं होऊन तसंच पाजायचं. नफोसतने मात्र दर वेळी पट्ट्या सोडून बाळ मांडीवर घेतलं होतं.

"बांधलेलं पोर सोडतेस कशाला?" सासू सनोबर आत येत म्हणाली. "पाळणा वाईट, असं कॉलेजात शिकवलं वाटतं?"

"नाही, आई."

"तुझा नवरा असाच बांधून वाढला. काही कमी पडलं का त्याच्यात?"

नफोसत दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी शेजारच्या हुरमतचाची चहा पिता पिता म्हणाल्या होत्या, "कळा नाहीत, काही नाही. आयतं काढून हातात दिलं." तेव्हा सनोबर हसली होती. आता दुखतंय म्हणावं, तर कोणत्या तोंडाने?

पाळण्यात बांधलेलं बाळ रडू लागलं. सासू बघतच उभी होती. नफोसतने एक हात दांड्यावर ठेवला, एक पोटावर, आणि वाकली. अर्ध्यातच अडली. खाली जाता येईना, वर येता येईना. दूध दुपट्यावर ठिबकू लागलं.

"आई, धरा मला."

सनोबरने तिला धरून बसवलं, सदरा वर केला, बराच वेळ पाहिलं.

"कधीपासून?"

"परवापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही हसला होतात."

जेवणाच्या ठेंगण्या मेजावरची रोटी सनोबरने कपाळाला लावून फडताळात ठेवली. मेज पलंगाशी ओढलं आणि पाळणा बाळासकट उचलून त्यावर ठेवला.

"ये. वाकू नकोस, नुसती टेक."

मग तिने मुलाला फोन लावला. "गाडी घेऊन ये. नफोसतला डॉक्टरांना दाखवायचंय. संध्याकाळी नाही, आत्ता."

नफोसतने दांड्यावर गाल टेकला. बाळ चुटूचुटू पिऊ लागलं. तिचे डोळे मिटत होते.

"आणि आपण जेवायचं कशावर?" तिने विचारलं.

"जमिनीवर," सनोबर म्हणाली. "हुरमत आली की तिलाही जमिनीवरच वाढीन."