जांभळ्या शालीची दशी

एकोणीसशे नव्व्याण्णव साल होतं. तेव्हा फोन भिंतीशी बांधलेल्या गायीसारखे एका जागी उभे असत, आणि शाळेतल्या संगणकाच्या खोलीची किल्ली मुख्याध्यापिकांच्या पर्समधून सहसा बाहेर निघत नसे. त्या शाळेत एकाच घरातल्या दोन जावा शिकवत. थोरली विज्ञान शिकवायची, धाकटी संगणक. मुली त्यांना मोठ्या बाई आणि छोट्या बाई म्हणत. थोरलीला आपलं मोठेपण आवडायचं. पण ‘छोट्या बाई’ म्हणताना पोरींच्या आवाजात जो लाडिक सूर यायचा, तो तिच्या कानात खड्यासारखा टोचायचा.

विज्ञान महोत्सवाला शाळेचा चमू दरवर्षी थोरलीच घेऊन जायची. लोहचुंबकाने खिळे उचलणारी यारी, पुठ्ठ्याचं धरण, असलं काहीबाही घेऊन. मार्गदर्शकाचा निळ्या फितीचा बिल्ला तिच्या गळ्यात असायचा, आणि घरी आल्यावर तो कपाटाच्या दारामागच्या खिळ्यावर जायचा. खिळ्यावर आता चांगला झुबका झाला होता.

त्या वर्षी महोत्सवात पहिल्यांदाच यंत्रमानवांची स्पर्धा ठेवली होती. धाकटीने तीन मुलींना हाताशी धरून बूट ठेवायच्या खोक्याएवढा एक यंत्रमानव उभा केला. त्याला चार चाकं होती, पुढे दोन पंजे होते, आणि लाकडी ठोकळे उचलून तो पलीकडच्या चौकटीत नेऊन ठेवायचा. मुलींनी त्याचं नाव बुटक्या ठेवलं.

मुख्याध्यापिकांनी थोरलीला बोलावून घेतलं. “यंदा बिल्ला छोट्या बाईंच्या नावाचा काढलाय. मैदानात एकाच शिक्षकाला सोडतात म्हणे. तुम्ही मुलींच्या सोबतीला जा.”

“मला काय, बरंच झालं. पाय दुखतातच माझे,” थोरली म्हणाली. पण त्या दिवसापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर कुठलंही चूर्ण चालण्यासारखं नव्हतं.

रात्री नवऱ्यापुढे तिने तोंड उघडलं. “चाकं आपल्या मुलाच्या खेळण्यातल्या ट्रकची. दातेरी चाकं कशी फिरतात ते पोरींना शिकवलं मी. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला काय लागतं!”

“अगं, चालवून दाखवला तिनेच ना?” नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला.

“तुम्हीसुद्धा तिचेच!”

त्याने पान उलटलं. शहाण्या माणसाने दुसरं काय करायचं?

तेवढ्यात पलीकडून सासूबाईंचा आवाज आला. “घरात दोन-दोन मास्तरणी, आणि नाव एकीचंच होणार होय!” सासूबाईंना तसं ऐकू कमी यायचं. पण नको ते मात्र भिंतीपलीकडूनही यायचं.

प्रवासाच्या दिवशी आगगाडीत दोघींच्या मधल्या जागेवर बुटक्याची लाकडी पेटी ठेवली होती. आत धाकटीने पांढऱ्या स्पंजचे तुकडे मापाने कापून बसवले होते. समोरच्या बाकावर तिन्ही मुली होत्या. लंबूचे पाय कुठेच मावत नव्हते, चष्मेवाली तोंडातल्या तोंडात यंत्राच्या सूचना पुटपुटत होती आणि पेंगूळ नावाला जागत होती. थोड्याच वेळात पेंगूळ उठली, धाकटीच्या पलीकडे जाऊन बसली आणि तिच्या खांद्यावर मान टाकून घोरायला लागली.

मागच्या वर्षी हीच पोर थोरलीच्या मांडीवर झोपली होती. थोरलीने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ती बघत राहिली.

मधल्या एका मोठ्या स्टेशनात धाकटी मुलींना घेऊन पाण्याच्या बाटल्या भरायला उतरली. “ताई, पेटीकडे लक्ष ठेवाल ना?”

“अगं, राखणीलाच तर आणलंय मला.”

धाकटी नुसती हसली. तिला टोमणा कळला नाही, की कळूनही तिने तसं दाखवलं नाही, हे थोरलीला कधीच समजत नसे.

डबा रिकामा झाल्यावर तिने पेटी हलवून पाहिली. आत जरा खडखड झाली. ‘बघा! एवढं शिकली, पण बांधाबांध येत नाही.’ तिने झाकण उघडलं, एका बाजूचा स्पंज काढला आणि आपल्या खांद्यावरची जांभळी शाल बुटक्याभोवती लपेटून टाकली. शाल तिने स्वतः क्रोशाने विणलेली होती. शिक्षकांच्या खोलीत, तासांच्या मधल्या वेळात, सगळ्या शाळेच्या डोळ्यांदेखत. चारी कडांना लांब लांब दशा सोडलेल्या होत्या. महोत्सवात पेटी उघडली की सगळ्यांना दिसेल, मायेने कुणी जपलं ते. एवढाच तिचा डाव होता. बुटक्याचं वाईट तिच्या मनातही नव्हतं.

महोत्सवाच्या सभागृहात पेटी उघडली तेव्हा तसंच झालं.

“अगंबाई, बुटक्याला थंडी वाजत होती वाटतं!” लंबू म्हणाली.

“ताई, तुमची शाल दिलीत? किती जपलंत!” धाकटी म्हणाली. थोरलीला दोन घटका बरं वाटलं. लंबूने बुटक्याला बाहेर उचललं, तेव्हा शाल कुठेतरी अडकली. तिने एक हिसडा दिला आणि शाल सुटली. त्या हिसड्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मग धाकटी गळ्यात बिल्ला अडकवून मुलींबरोबर मैदानात गेली आणि थोरली दोरीच्या अलीकडे, दुसऱ्या शाळांच्या आईबापांत, शाल सावरत उभी राहिली.

बुटक्या सुटला. पहिला ठोकळा त्याने झोकात उचलला. पण परत वळताना त्याचं एक चाक अडखळलं, मग थांबलं, आणि तो घाण्याच्या बैलासारखा एकाच जागी गोल फिरत बसला. लोक हसले. परीक्षकांनी सांगितलं, दुसरी फेरी बाकीच्या शाळांनंतर. तोवर काय दुरुस्ती करायची ती करा.

पहिल्या क्षणी थोरलीला गार वाटलं. उन्हातून आल्यावर माठाला हात लावावा तसं. ‘आता कळेल, चमू नेणं म्हणजे काय असतं!’

तेवढ्यात चष्मेवालीचा आवाज आला. “बाई, चाकाच्या आसाभोवती हे जांभळं काय गुंडाळलंय?”

थोरलीचा हात आपोआप शालीच्या कडेवर गेला. एका जागी दशी नव्हती. तिन्ही मुलींनी वळून दोरीकडे पाहिलं. धाकटीने मात्र मान वर केली नाही.

“पेटीतलाच असेल एखादा धागा,” ती म्हणाली. पेटी पिवळी, स्पंज पांढरा. पण धाकटी तेच म्हणाली, आणि चिमट्याने धागा ओढायला लागली.

ती ओरडली असती तर परवडलं असतं. थोरलीकडे चार उत्तरं तयार होती. पण हे असं पांघरूण घालणं? म्हणजे बिल्लाही हिचा आणि मोठेपणाही हिचाच! हा राग होता की शरम, हे थोरलीलाही सांगता आलं नसतं.

धाकटी धागा ओढत होती आणि तो आणखी आत रुतत होता. विणणाऱ्या हातांना ते पाहवेना.

“अगं, ओढू नकोस! गाठ बसेल!” थोरली ओरडली आणि पर्समधली क्रोशाची सुई काढून पुढे निघाली. दोरीजवळच्या स्वयंसेवकाने हात आडवा केला. “बाई, बिल्ला?”

धाकटी उठून आली. तिने गळ्यातला बिल्ला काढला आणि थोरलीच्या गळ्यात घातला. “तुम्ही जा ताई. एकालाच सोडतात ना!” एवढं म्हणून ती दोरीबाहेर, थोरलीच्या जागेवर जाऊन उभी राहिली.

थोरली जमिनीवर बसली. लंबूने बुटक्याला उलटं धरलं. सुईचं टोक आसाच्या फटीत गेलं, एक वेढा सुटला, मग दुसरा. शेवटी दशी अखंड बाहेर आली.

“मोठ्या बाईंनी बुटक्याचं बाळंतपण केलं!” लंबू ओरडली. पेंगूळसुद्धा जागी होऊन हसली. महोत्सवाला आलेल्या एका वार्ताहराने नेमका त्याच क्षणी फोटो काढला.

दुसऱ्या फेरीत बुटक्याने सगळे ठोकळे नेले. शेवटचा तेवढा चौकटीबाहेर पडला. दुसरा क्रमांक आला. व्यासपीठावर मार्गदर्शकांना बोलावलं तेव्हा थोरली बिल्ला काढून धाकटीला द्यायला लागली.

“राहू द्या ताई. शोभतोय तुम्हाला.”

हे ती मनापासून म्हणाली, हीच तर पंचाईत होती. थोरली व्यासपीठावर गेली. बक्षिसाची ढाल हातात घेताना तिला वाटलं, ही ढाल आपण उष्ट्या ताटातून उचलतोय.

परतीच्या गाडीत मुली झोपल्यावर ती म्हणाली, “दशी माझ्या शालीची होती.”

“माहितीये.”

“मग बोलली का नाहीस?”

“तिथे बोलले असते, तर तुम्ही पर्समधली सुई बाहेर काढली असतीत का?”

थोरलीने खूप विचार केला. नसती काढली. म्हणजे हिने मोठेपणा केलाच नव्हता, आपल्याला अचूक ओळखून फक्त काम काढून घेतलं होतं. आता तिला त्या अकलेचाच हेवा वाटायला लागला. पण हा हेवा जरा सुसह्य होता.

फोटो वर्तमानपत्रात आला. ‘मोक्याच्या क्षणी यंत्र दुरुस्त करणाऱ्या मार्गदर्शक शिक्षिका.’ सासूबाईंनी तो स्वयंपाकघरातल्या कपाटाला चिकटवला. थोरली त्याच्याकडे पाठ करून चहा प्यायची.

आता कोण कुठे आहे, तेही सांगायला हवं. लंबू उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करते. चष्मेवाली यंत्रं बनवते, आणि नव्या माणसांना पहिल्या दिवशी सांगते की गोंडे असलेलं काही अंगावर घालून येऊ नका. पेंगूळ इस्पितळात रात्रपाळीची परिचारिका झाली, आणि टक्क जागी असते म्हणतात. सासूबाई गेल्या. मग कपाटाला रंग दिला, त्यात फोटोही गेला. बुटक्याची दोन चाकं थोरलीच्या नातवाच्या ट्रकला लागली. धाकटी पुढे त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाली. थोरलीच्या निरोपसमारंभात तिने इतकं सुंदर भाषण केलं की थोरली घरी येऊन उपाशी झोपली.

दोघींचे नवरे गेले. घरात आता त्या दोघीच आहेत. तो बिल्ला थोरलीने आपल्या खिळ्यावर ठेवला नव्हता. आल्या दिवशीच गुपचूप धाकटीच्या कपाटात नेऊन अडकवला होता. काही दिवसांनी तो परत थोरलीच्या खिळ्यावर दिसला. तिने तो पुन्हा नेऊन ठेवला. तेव्हापासून तो असाच ये-जा करतोय, आणि त्याबद्दल कुणी कुणाशी एक अक्षर बोललेलं नाही.

सध्या तो धाकटीकडे आहे. गेले बरेच दिवस तिथेच आहे, आणि थोरली रोज आपल्या कपाटाचं दार उघडून बघते.