खुर्चीवरचं झाकण

चीनमधल्या चोंगचिंग शहरातल्या त्या कारखान्यात सकाळपासून एकच कटकट चालू होती. नव्या मोटारसायकली वेग घेतला की थरथरत होत्या आणि दहा दिवसांत माल बोटीवर चढायचा होता. थरथर गेली नाही तर ऑर्डर जाणार, आणि तिच्याबरोबर खरेदीप्रमुख फान लियानची नोकरीही.

इंजिनवाला म्हणाला, "माझा माल मापात आहे." सांगाडेवाला म्हणाला, "माझाही." लियाननं मोजून पाहिलं, तर दोघंही खरं बोलत होते. हीच तर पंचाईत!

कामाची एक पद्धत तिची लाडकी होती. गाडीचे सुटे भाग वेगवेगळ्या पुरवठादारांना वाटून द्यायचे, आणि भाग एकमेकांना जिथं जुळतात त्या सांध्यांचीच फक्त मापं ठरवून द्यायची. आतलं ज्यानं त्यानं आपल्या डोक्यानं करावं. पद्धत चांगलीच, कुणी कुणाचा मिंधा नाही. पण लियाननं दर खेपेला पुरवठादारच बदलायला सुरुवात केली, आणि शनिवारी सगळ्यांनी चहाघरात बसायची रीत फालतू म्हणून मोडीत काढली.

हताश होऊन ती चहाघरात शिरली. हँडल बनवणारे वेईकाका बसले होते. त्यांचं काम तिनंच काढून घेतलं होतं. शेजारच्या खुर्चीवर कपाचं झाकण होतं. झाकण ठेवलेली खुर्ची तिथं कुणी घेत नाही, कारण माणूस परत येणार असतो.

"बस, तुझीच आहे," काका म्हणाले. "दर शनिवारी अडवून ठेवतो म्हणून चहावालीच्या शिव्या खातोय."

लियान झाकण उचलून बसली. तिनं सगळं सांगितलं.

"माप सांध्यापुरतं असतं, पोरी. आत कुणी काय बदललं, ते शेजाऱ्याला कळणार कसं? बोलायची जागाच तू बंद केलीस."

तिनं तिथूनच दोघांना बोलावून घेतलं.

"मी इंजिन जास्त वेगानं फिरणारं केलंय," इंजिनवाला म्हणाला.

सांगाडेवाल्यानं कपाळाला हात लावला. "आणि मी सांगाड्याची नळी पातळ केली, ती त्या वेगाला थरथरणारच! आधी बोलायला काय झालं होतं?"

"विचारलं कुणी?"

भांडता भांडताच त्यांनी सांगाड्याला आधाराची पट्टी जोडण्याचा उपाय काढला. गाड्या वेळेत बोटीवर चढल्या.

"काका, हँडलचं काम परत घ्या," लियान म्हणाली.

"आधी भाव काढ. दुसरा कुणी बरा वाटला तर त्याला दे, पण त्यालाही इथं आणून बसव."

वाचकहो, सुटा भाग खुशाल बदलावा. पण तो बनवणाऱ्याशी बोलणं तोडू नये, कारण गाडी शेवटी सगळ्यांची मिळून चालते.

पुढच्या शनिवारी वेईकाकांना उशीर झाला. लियाननं आपल्या कपाचं झाकण त्यांच्या खुर्चीवर ठेवलं आणि चहावालीच्या शिव्या खाल्ल्या.