मनगटाखालचा हात

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर सोन्या बसला होता. बौद्धिक अक्षमता घेऊन जन्मलेल्या त्या मुलाच्या तोंडून आजवर अर्थाचा एक शब्द निघाला नव्हता. शेजारी बसलेल्या वाचागुरूंनी त्याचे मनगट अलगद उचलून धरले होते आणि त्याचे बोट अक्षरांच्या फळ्यावर भराभर फिरत होते. त्यांची शिष्या ती अक्षरे जुळवून माइकवर वाचत होती, "आई, तू माझ्यासाठी खूप झिजलीस. मला सगळं कळतं."

पहिल्या रांगेतल्या आईला हुंदका आवरेना.

"मतिमंद म्हणे!" वाचागुरू गरजले. "अहो, दिवा पेटलेलाच आहे, काच काजळलीय. मी फक्त काच पुसतो!" टाळ्यांच्या कडकडाटात ते नम्रपणे डोळे मिटून बसले, टाळ्या ओसरू लागताच उघडले.

विशेष शाळेतल्या बाई मागे बसून सोन्याचे डोळे पाहत होत्या. ते छताच्या पंख्यावर खिळले होते. न पाहता अचूक अक्षरावर बोट कसे पडते?

तहान लागली की पेल्याचे चित्र उचलून द्यायचे, एवढे शिकवायला बाईंना दोन वर्षे लागली होती. मग फळ्याने सांगितले, 'शाळा नको, मला गुरूंकडे नेत जा.' सोन्याची शाळा बंद झाली, चित्रे अडगळीत गेली. आता घसा कोरडा पडला की सोन्या भिंतीवर डोके आपटे. घरचे त्याचे मनगट धरून फळा पुढे करत आणि फळा म्हणे, 'मी चिंतनात आहे.'

बाई उठून पुढे आल्या. "ताई, मला एकदा तपासू द्या."

"दोन वर्षांत एक पेला शिकवलात तुम्ही," आई फणकारली. "यांनी माझं लेकरू बोलतं केलं. घ्या तपासून, फिटू दे तुमचा संशय!"

एवढ्या लोकांदेखत वाचागुरूंना नाही म्हणता येईना.

एकाचे चित्र दुसऱ्याला दिसू नये म्हणून बाईंनी दोघांमध्ये पुठ्ठा उभा धरला, दोन्ही बाजूंना एकेक चित्र दाखवले आणि सोन्याला त्याचे नाव लिहायला सांगितले. दोघांनाही किल्ली. फळ्यावर 'किल्ली'. टाळ्या. मग सोन्याला केळे, वाचागुरूंना टोपी. फळ्यावर 'टोपी'. सोन्याला घोडा, वाचागुरूंना छत्री. फळ्यावर 'छत्री'.

बाईंनी चित्रे लोकांकडे वळवली. "हात धरणाऱ्याच्या मनात जे असतं, तिकडेच हात ओढला जातो. कधी जाणूनबुजून, कधी नकळत. लिहीत हे होते, सोन्या नव्हता."

"संशयाच्या सावलीत आत्मा मिटतो!" वाचागुरूंनी घाम टिपला.

"लेकराची परीक्षा घेता, लाज नाही वाटत?" मागून कोणी ओरडले. "काढा बाईला बाहेर!"

"परीक्षा लेकराची नव्हती हो," बाई म्हणाल्या. पण गलक्यात ते कोणाला ऐकू गेले नाही.

दाराशी आईने त्यांना गाठले. "मग 'तू झिजलीस' हे कोण म्हणालं?"

"ते त्याचं नव्हतं, ताई."

"त्याला काय म्हणायचंय मग?"

"मला माहीत नाही. कदाचित कधीच कळणार नाही."

आईने सोन्याला पुन्हा शाळेत घातले. पेल्याचे चित्र समोर ठेवले तेव्हा त्याने ते पाहिलेही नाही. हात सैल सोडून तो वाट पाहत राहिला, कोणीतरी मनगट उचलेल म्हणून. वर्ष सरले, चित्र तसेच राहिले. वाचागुरूंच्या सभागृहाबाहेरही आता खुर्च्या मांडतात.

त्या खुर्च्यांवर बसलेल्या आईबापांना एवढेच सांगणे आहे: आधी हात धरणाऱ्याचे डोळे बांधा, मग मुलाला एखादी वस्तू दाखवून तिचे नाव विचारा. डोळे बांधायला नकार मिळाला किंवा उत्तर चुकले, तर मुलाला घेऊन तडक घरी जा. घरी चमत्कार नसेल. तेच ते शिकवणे असेल, आणि बहुधा त्याला फारसे यशही येणार नाही. पण मुलाला तहान लागली आहे का, हे निदान त्याच्याकडे पाहून ठरवाल.