न मोजलेला पाला

बिरवाडीच्या हॉलमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. रात्रपाळी करून आलेले कामगार डोळे चोळत भिंतीला टेकले होते. शिवथरकडच्या बायका टेम्पो करून आल्या होत्या. स्टेजवर पांढऱ्या शर्टातले विनीत सर कानाला माईक लावून येरझाऱ्या घालत होते.

"हे काय आहे?" त्यांनी काचेचा ग्लास वर धरला.

"पाणी!" सगळे ओरडले.

"पाणी नाही, तुमचं शरीर आहे." सरांनी एका बाटलीतून दहा-बारा थेंब टाकले. पाणी तपकिरी झालं. "आणि ही तुमच्या रक्तातली घाण. टॉक्सिन! वडापाव, फरसाण, कंपनीचा धूर, खताची भाजी. सांगा, हे पाणी कोण पिणार?"

"सासूला द्या!" मागून कोणीतरी म्हणालं. हॉल हसला.

सरही हसले. मग त्यांनी खिशातून एक छोटी कुपी काढली. "हा आमच्या हरितकवचाचा अर्क. बहात्तर वनस्पती. एका चमच्यात अख्खं जंगल! झाडाचं रक्त हिरवं, आपलं लाल, फरक फक्त रंगाचा."

कुपीतलं पाणी ग्लासात पडलं. सरांनी ग्लास हलवला आणि तपकिरी रंग डोळ्यांदेखत नाहीसा झाला. पाणी काचेसारखं स्वच्छ. टाळ्या थांबेनात. एका म्हातारीने तर बसल्या जागी हात जोडले.

पाचव्या रांगेत किशोर बसला होता, शेजारी त्याची बायको उज्वला. किशोर महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत मदतनीस होता. केमिस्ट मॅडमच्या काचेच्या नळ्या धुणं, बाटल्या भरणं हे त्याचं काम. तपकिरी पाणी असं थेंबाथेंबाने बिनरंगी होताना तो चौदा वर्षं रोज बघत होता. तिथे कोणी टाळ्या वाजवत नसे. मॅडम वहीत आकडा लिहीत आणि किशोर नळी विसळायला नेई.

त्याला हसू आलं होतं. 'ही तर जखमेवर लावायच्या औषधाची गंमत,' असं तो उज्वलाच्या कानात सांगणार, तेवढ्यात सरांनी सोनाबाईला स्टेजवर बोलावलं. सोनाबाई म्हणजे उज्वलाची थोरली बहीण. आसपासच्या वाड्यांत हरितकवचाच्या भुकटीचे डबे पोचवायचं काम तीच करी.

"माझं गुडघं बघा गो!" सोनाबाई स्टेजवरच दोनदा उठली, दोनदा बसली. "गणपतीत मला मोरीपर्यंत जाववत नव्हतं. आता चालत शिवथर घळीला जाऊन आले. डॉक्टरनं काय केलं? सुया टोचल्या नुसत्या."

किशोरने उज्वलाकडे पाहिलं. मुंबईला हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून तिच्या चेहऱ्यावर असं काही त्याने पाहिलं नव्हतं. ती पुढे सरकून, तोंड अर्धवट उघडं ठेवून ऐकत होती.

"अहो, घेऊया का एक डबा? ताई सांगते हाय तर."

तो शब्द गिळून बसला. मेव्हणीचा चारचौघांत अपमान कशाला? आणि बायकोला इतक्या दिवसांनी काहीतरी हवंसं वाटतंय. 'पालाच तर हाय,' त्याने मनाशी म्हटलं. 'पाल्याने कोणाचं काय वाईट होणार?'

ते एक वाक्य त्याला पुढे जन्मभर पुरलं.

उज्वलाला लहानपणी सांध्यांचा ताप आला होता. त्या तापाने हृदयाची एक झडप खराब केली, ती चाळिशीत कळली. ऑपरेशन करून धातूची झडप बसवली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची एक छोटी गोळी रोज घ्यायची, आणि महिन्याला महाडला रक्त तपासायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "हिरवी पालेभाजी सोडायची नाही, पण वाढवायचीही नाही. रोज जेवढी खाता तेवढीच. त्यात एक जीवनसत्त्व असतं, ते रक्त गोठवायला मदत करतं. गोळी त्याच्या उलट ओढते. तोल सांभाळा."

उज्वलाने तोल सांभाळला. भाजीसाठी एक स्टीलची वाटी ठरवली. पावसाळ्यात टाकळा आला, भारंगी आली, शेजारणींनी ताटं भरून खाल्ली. उज्वलाची वाटी एकच. गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी तिच्या जिवाची आवडती. तीसुद्धा तिने वाटीत दाबून न भरता सैल भरली, आणि वर काठावर आलेली पानं बोटाने काढून किशोरच्या ताटात टाकली. "माझ्या वाटणीचं तुम्ही खा," म्हणाली.

आणि त्याच बाईने हॉलमधल्या त्या रविवारच्या दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ एकेक मोठा चमचा हिरवी भुकटी पाण्यात ढवळून प्यायला सुरुवात केली. वाटी बाजूला एकच होती. भुकटी तिने वाटीच्या हिशोबात धरली नाही, किशोरने धरली नाही, कोणीच धरली नाही. भाजी ती, जी विळीवर चिरतात, फोडणीला टाकतात. डब्यातून आली, वर झाकण, आत प्लॅस्टिकचा चमचा, ती भाजी कशी असेल?

महिन्याची तपासणी आली तेव्हा सोनाबाई म्हणाली, "कशाला गो टोचून घेतेस? रक्त आपोआप साफ होतंय." तपासणी राहिली. गोळी मात्र एक दिवस चुकली नव्हती.

सातव्या आठवड्यात, भाकरी थापता थापता, उज्वलाचा उजवा हात पिठात तसाच राहिला. तोंड वाकडं झालं. तिला काहीतरी सांगायचं होतं, पण शब्द येत नव्हता. झडपेवर धरलेली गुठळी मेंदूत गेली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "नवीन काही खाण्यात आलं होतं का?" किशोरने आधी नाही सांगितलं. मग घरून डबा आणून दाखवला. डॉक्टरांनी मागची बारीक अक्षरं वाचली. शेवगा, पालक, गव्हाचे कोवळे अंकुर. त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि शेवटची रक्ततपासणी कधी झाली ते विचारलं.

बाराव्यानंतर किशोरने शेवग्याचा पाला काढला, धुतला, सावलीत वाळवला आणि मिक्सरमध्ये फिरवला. मोठ्या टोपलीभर पाल्याची भुकटी एका फुलपात्रात मावली. एक मोठा चमचा म्हणजे जवळजवळ एक वाटी भाजी. दिवसाला दोन. एका वाटीच्या ऐवजी उज्वला रोज तीन वाट्या पाला खात होती, आणि तो समोर बसून बघत होता.

सर पुढच्या महिन्यात परत आले तेव्हा किशोर हॉलमध्ये गेला. त्याला सगळ्या जगाशी भांडायचं नव्हतं. त्याला एकच माणूस हवा होता. पोलादपूरकडचे मालोजी, साठीतले. रक्त तपासायच्या रांगेत त्यांची ओळख झाली होती. तीच झडप, तीच गोळी. सोनाबाईच्या डब्यांच्या यादीत आता त्यांचं नाव होतं.

ग्लास वर गेला, थेंब पडले, पाणी तपकिरी झालं. तेवढ्यात किशोर उठून स्टेजवर चढला.

"सर, आता मी करतो."

त्याने पिशवीतून जखमेवर लावायचं औषध काढलं, दुसऱ्या ग्लासात टाकलं. "हीच तुमची घाण. मेडिकलमध्ये मिळते." मग अर्धं लिंबू पिळलं. रंग गेला. तिसऱ्या ग्लासात चघळायची क जीवनसत्त्वाची गोळी कुटून टाकली. रंग गेला. "ह्या औषधात आयोडीन असतं, तो त्याचा रंग. क जीवनसत्त्व पडलं की रंग उडतो. एवढंच. शरीराचा, रक्ताचा काही संबंध नाही. तुमच्या कुपीतही त्यातलंच काहीतरी आहे. नसेल तर कुपी राहू द्या, डब्यातली भुकटी टाकून दाखवा."

विनीत सरांनी क्षणभर कुपीकडे पाहिलं. मग त्यांनी हात पसरले.

"बघा! किशोरभाऊंनी तर सिद्धच केलं! साध्या लिंबातसुद्धा घाण काढायची ताकद. मग बहात्तर वनस्पतींत किती असेल?"

टाळ्या पडल्या. पहिल्यापेक्षा मोठ्या.

"अहो, ऐका!" किशोर ओरडला. "ही भुकटी म्हणजे भाजी आहे. नुसती भाजी! माझी बायको रक्त पातळ करायची गोळी घेत होती. ह्या भाजीने..."

"गप बसा भावजी!" सोनाबाई पहिल्या रांगेतून उठली. तिचा आवाज फाटला होता. "माझी बहीण त्या केमिकलच्या गोळ्यांनी गेली. मी माझ्या हातानं तिला चांगलंच दिलं. चांगलंच दिलं मी!"

किशोरने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं, की सोनाबाई हे कधीच मानणार नाही. भुकटीवर तिचा एवढा विश्वास होता म्हणून नव्हे. हे खरं मानलं, तर तिला रात्री झोप कशी लागेल? त्याला तरी कुठे लागत होती?

बाहेर पायरीवर मालोजी चपला शोधत होते. पिशवीत डबा होता.

"मालोजीकाका, हा डबा उघडू नका."

"तुझं खरं असंल रे किशोर."

"मग?"

"डॉक्टर दोन मिनिटं बोलतो. वर बघत पण नाय. हा सर माझ्या घरी येऊन नाचणीची भाकरी खाऊन गेला. म्हातारीच्या पाया पडला." मालोजींनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "आता तिला काय सांगू, डबा परत दिला म्हणून?"

"निदान एवढं करा. प्यायच्या आधी डबा घेऊन डॉक्टरांकडे जा. तपासणी चुकवू नका."

"जाईन." मालोजी हसले. "जाईन रे बाबा."

तपासणीचा दिवस आला. किशोरचं तिथे काही काम उरलं नव्हतं, तरी तो महाडला जाऊन बाकावर बसला. नंबर पुकारत होते. मालोजींचं नाव एकदा घेतलं, दोनदा घेतलं. कोणी उठलं नाही. पुढचं नाव घेतलं गेलं. किशोर दुपारपर्यंत बसून राहिला. मालोजी दुसरीकडे गेले असतील, गाडी चुकली असेल. त्याने पुन्हापुन्हा स्वतःला हेच सांगितलं. चौदा वर्षं जे तो रोज बघत आला, ते त्या पहिल्या रविवारी बोलायचं त्याने टाळलं होतं.

ज्याची तब्येत चांगली आहे आणि ज्याच्या ताटात रोज भाजी, आमटी, एखादं फळ आहे, त्याला ह्या भुकटीतून वेगळं काही मिळत नाही. पाला परसात आहे, बांधावर आहे. तो खा. जो गोळ्या घेतो, त्याने डबा उघडण्याआधी मागची बारीक अक्षरं डॉक्टरांकडून वाचून घ्यावीत, आणि डॉक्टर वर बघत नसतील तर बघेपर्यंत खुर्चीवरून उठू नये. ग्लासातला रंग गेला म्हणून रक्तातलं काही जात नाही. आणि जे पाहून तुम्हाला शंका येते, ते तिथेच, त्याच क्षणी, मोठ्याने बोला. कोणाला राग आला तर येऊ दे.

उज्वलाची वाटी अजून मांडणीवर आहे. किशोर तिच्यात भाजी वाढून घेतो. एकच वाटी, सैल भरून.